एसयूव्ही की स्टेशन वॅगन? डिकीचा, हवेचा आणि आईच्या गुडघ्यांचा हिशोब

हेडफोन घरी विसरलात, किंवा मीटिंगमध्ये बसून गुपचूप वाचायचंय, तर हा आजच्या एपिसोडचा लिखित अवतार. बोलण्यातलं 'अं...' आणि 'म्हणजे बघा' जरा कमी केलंय, बाकी भाषा तीच.

ज्यांनी पहिल्यांदाच ऐकलं त्यांच्यासाठी थोडक्यात: मी मूळचा कराडचा, बीटेक पुण्यात, आणि सध्या जर्मनीत स्टुटगार्टला कोड लिहितो. घरी बायको आणि आठ महिन्यांची मुलगी. आई-बाबा उन्हाळ्यात नव्वद दिवसांच्या व्हिसावर येतात. तेव्हा गाडीत चार मोठी माणसं, एक बेबी सीट, एक बाबागाडी आणि विमानतळावरून आणलेल्या तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा. त्यातल्या दीड बॅगेत भाजणी, लोणचं आणि मेतकूट असतं हे वेगळं सांगायला नको.

आता असं कुटुंब वाढलं की आपल्या डोक्यात आपोआप एकच शब्द येतो: एसयूव्ही. माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर 'नवी गाडी बघतोय' एवढंच टाकलं तर सात जणांनी सात एसयूव्हींची नावं पाठवली. एकानेही विचारलं नाही की तुला नक्की काय पाहिजे. मला उंच गाडी नको होती, मला मोठी डिकी हवी होती. या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि शोरूममध्ये त्या एकत्र बांधून विकल्या जातात. आजचा सगळा एपिसोड ही गाठ सोडवण्याबद्दल आहे.

तर स्टेशन वॅगन म्हणजे काय? सेडान घ्या. तिचं छप्पर मागच्या काचेपाशी उतरतं ना, ते उतरू देऊ नका, सरळ मागच्या टोकापर्यंत न्या आणि तिथे एक मोठा वर उघडणारा दरवाजा लावा. झाली वॅगन. गाडीची उंची कारचीच, पण मागे खोलीएवढी जागा. नाव आलं रेल्वे स्टेशनवरून: अमेरिकेत स्टेशनवर उतरलेली माणसं आणि त्यांच्या पेट्या घरी न्यायला ज्या गाड्या असायच्या, त्या स्टेशन वॅगन. इंग्लंडमध्ये तिला इस्टेट म्हणतात, जर्मनीत कोंबी. शिवाय प्रत्येक कंपनीचं स्वतःचं बारसं वेगळंच: ऑडीची अवांत, बीएमडब्ल्यूची टूरिंग, फोक्सवॅगनची व्हेरियंट. वेबसाइटवर 'वॅगन' शोधून काही सापडलं नाही तर गोंधळू नका, ती या टोपणनावांमागे लपलेली असते.

आपल्याकडे ती आलीच नाही असं नाही. टाटा इस्टेट १९९२ मध्ये आली होती. पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा, २००४ मध्ये इंडिगो मरिना, स्कोडाची ऑक्टाव्हिया कोंबी. एकही टिकली नाही. लोक बघायचे आणि म्हणायचे, 'ॲम्ब्युलन्स घेतली का रे?' (जर्मनीतही अंत्ययात्रेच्या गाड्या कोंबीच्याच आकाराच्या असतात, पण इथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही.)

बरं, आता मुद्द्याचं. तुलना करताना एक पथ्य मी पाळलं: एकाच घराण्यातल्या दोन गाड्या समोरासमोर ठेवल्या. स्कोडा ऑक्टाव्हिया कोंबी आणि फोक्सवॅगन टिग्वान. दोन्ही एकाच ग्रुपच्या, खालचा सांगाडा एकाच प्लॅटफॉर्मवरचा, आणि दोन्हीत तेच दीड लिटरचं, दीडशे हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन मिळतं. म्हणजे फरक उरतो तो फक्त वरच्या डब्याचा. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला म्हणतो, एका वेळी एकच व्हेरिएबल बदला.

आधी डिकी. कागदावर ऑक्टाव्हिया कोंबी ६४० लिटर, टिग्वान ६५२ लिटर. म्हणजे टिग्वान जिंकली? थांबा. हे लिटर मोजतात कसे ते बघा. एक लिटरचे छोटे ठोकळे घेतात, वीस सेंटिमीटर लांब, दहा रुंद, पाच जाड, आणि ते डिकीत रचत जातात. किती ठोकळे बसले, तेवढे लिटर. आता ठोकळा पाच सेंटिमीटरचा असल्यामुळे तो कुठल्याही कोपऱ्यात घुसतो. तुमची बॅग घुसत नाही. वॅगनचे लिटर आडवे पसरलेले असतात, एसयूव्हीचे उभे. वॅगनमध्ये बाबागाडी सपाट ठेवून तिच्या शेजारी बॅग आडवी सरकते. एसयूव्हीत एकावर एक रचावं लागतं, आणि तळाची बॅग हवी असेल तर वरचं सगळं पार्किंगमध्ये जमिनीवर काढून ठेवायचं. शिवाय वॅगनच्या डिकीचा उंबरठा खाली असतो. तेवीस किलोची बॅग गुडघ्याच्या वर उचलायची की कमरेजवळ, हा फरक लिटरमध्ये दिसत नाही, पाठीत दिसतो.

म्हणून मी काय केलं? घरातल्या चारही बॅगा आणि बाबागाडी घेऊन शोरूमला गेलो. सेल्समन आधी हसला, मग स्वतःच मदतीला आला. ऑक्टाव्हियात तीन बॅगा आणि बाबागाडी बसली, चौथी बॅग दोन्हींत बसेना. टिग्वानमध्ये तीन बॅगा बसल्या, पण बाबागाडीसाठी एक चाक काढावं लागलं. तुमची बाबागाडी वेगळी असेल, तुमचा निकाल वेगळा येईल. पण रिकाम्या डिकीकडे बघून 'केवढी मोठी!' म्हणणं आणि तिच्यात आपलं सामान ठेवून बघणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोणतीही गाडी घ्या, हे कराच.

डिकीबद्दल अजून एक, आणि हे गंमतीचं नाही. वॅगन काय किंवा एसयूव्ही काय, दोन्हींत डिकी आणि माणसं एकाच खोलीत असतात, मध्ये सेडानसारखी भिंत नसते. सीटच्या पाठीपेक्षा वर सामान रचलं आणि करकचून ब्रेक लागला, तर ते सरळ मागे बसलेल्यांच्या डोक्यावर येतं. मागे बाळ असेल तर बोलायलाच नको. सीटच्या पाठीपासून छपरापर्यंत लावायची एक जाळी मिळते. काही गाड्यांत ती सोबत येते, काहींत वेगळे पैसे मोजावे लागतात. पॅनोरमा सनरूफ नाही घेतलं तरी चालेल, जाळी घ्या.

आता माझा आवडता भाग, हवा. ज्यांना गणित नको त्यांनी दोन परिच्छेद सोडा, पण मला वाटतं एसयूव्हीवाल्यांना न सांगितलेलं सगळ्यात मोठं बिल इथेच आहे.

गाडी हवेला ढकलत पुढे जाते. हवेचा विरोध तीन गोष्टींवर अवलंबून: गाडीचा आकार किती निसरडा आहे तो आकडा, समोरून दिसणारं क्षेत्रफळ, आणि वेगाचा वर्ग. कंपनीने दिलेला निसरडेपणाचा आकडा ऑक्टाव्हिया कोंबीचा ०.२६, टिग्वानचा ०.२८. आकडा जितका लहान तितकं चांगलं. फारसा फरक नाही, आणि जाहिरातीत तेवढंच सांगतात. पण टिग्वान जवळपास वीस सेंटिमीटर उंच आहे, त्यामुळे समोरचं क्षेत्रफळ वाढतं. मी हिशोबासाठी वॅगनचं २.२ आणि एसयूव्हीचं २.६ चौरस मीटर धरलं. गुणाकार केला की ०.५७ आणि ०.७३ येतात. म्हणजे एसयूव्हीला हवा साधारण २७ टक्के जास्त अडवते.

जर्मन हायवेवर ताशी १३० किलोमीटर हा शिफारस केलेला वेग. त्या वेगाला हा फरक सुमारे १२० न्यूटन होतो. शंभर किलोमीटर एवढं जास्त ढकलायचं म्हणजे बारा मेगाज्यूल काम. पेट्रोल इंजिन इंधनातली साधारण तीस टक्केच ऊर्जा चाकाला देतं, म्हणून टाकीतून जायला हवेत चाळीस मेगाज्यूल, आणि एक लिटर पेट्रोलमध्ये असतात बत्तीस. उत्तर: दर शंभर किलोमीटरला सव्वा लिटर. वर्षाला आठ हजार किलोमीटर हायवेवर केले तर शंभर लिटर पेट्रोल नुसतं उंचीपायी. हा कागदावरचा हिशोब आहे, पण कंपनीचे अधिकृत ॲव्हरेजचे आकडे बघितले तरी दोन्ही गाड्यांत एक लिटरच्या आसपासच फरक दिसतो. त्यात टिग्वानच्या दीडशेएक किलो जास्त वजनाचाही वाटा आहे.

आता हाच हिशोब ताशी ५० ला लावा. वेगाचा वर्ग असल्याने फरक एकदम सातपट कमी होतो, पाव लिटरही उरत नाही. म्हणजे हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गाडीचा आकार निसरडा असो नाहीतर कपाटासारखा, पेट्रोलला काही फरक पडत नाही. तिथे पेट्रोल पितं ते वजन आणि थांबणं-निघणं. पण समृद्धी महामार्गावर १२० ची मर्यादा आहे, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. तिथे हा हिशोब जसाच्या तसा लागू.

इलेक्ट्रिक गाडीत हे अजून टोचतं. तिथे तोच फरक दर शंभर किलोमीटरला साडेतीन-चार युनिट. ७५ युनिटची बॅटरी असेल तर १३० च्या वेगाला जवळपास पन्नास किलोमीटर रेंज फक्त उंचीने खाल्ली. म्हणूनच इलेक्ट्रिकमध्ये वॅगन परत येताना दिसतेय: फोक्सवॅगनची आयडी.७ टूरर, बीएमडब्ल्यूची आय५ टूरिंग, ऑडीची ए६ अवांत ई-ट्रॉन. माझ्या बजेटबाहेरच्या आहेत, पण बघायला काय जातंय.

सुरक्षिततेबद्दल ग्रुपवर सगळ्यात जास्त भांडण झालं. 'उंच गाडी म्हणजे सेफ' हे आपल्याकडे जवळजवळ श्रद्धेसारखं आहे. जड गाडी छोट्या गाडीवर आदळली तर जड गाडीतल्या माणसांना कमी लागतं, हे खरंच आहे. पण उंचीमुळे गुरुत्वमध्य वर जातो, आणि एकदम स्टिअरिंग फिरवावं लागलं तर गाडी कलंडण्याकडे झुकते. अमेरिकन सरकारची रस्तासुरक्षा संस्था यासाठी चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट असा साधा भागाकार वापरते. कारचं उत्तर साधारण १.३ ते १.५ येतं, एसयूव्हीचं १.० ते १.३. जास्त ते चांगलं. ईएसपीमुळे कलंडण्याचे प्रकार आता खूप कमी झालेत, युरोपात तर २०१४ पासून प्रत्येक नव्या गाडीत ते सक्तीचं आहे. पण भौतिकशास्त्र रद्द झालेलं नाही.

आणि बाहेरच्या माणसाचं काय? अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २०२३ मध्ये अभ्यास मांडला होता: ज्यांचं बॉनेट चाळीस इंचांपेक्षा, म्हणजे साधारण एक मीटरपेक्षा उंच, त्या गाड्यांची धडक पादचाऱ्याच्या जिवावर बेतण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त. तिथल्या गाड्या अगडबंब असतात, टिग्वान त्यात बसत नाही. तरी माझी मुलगी दोन वर्षांनी रस्त्यावर धावायला लागेल, आणि तेव्हा समोरच्या गाडीच्या ड्रायव्हरला ती दिसावी एवढी माझी अपेक्षा आहे. स्वतःसाठी गाडी घेताना तीच अपेक्षा दुसऱ्याच्या पोरांबद्दल ठेवायला नको का?

इथपर्यंत वाचून वाटेल की मी वॅगनचा एजंट आहे. म्हणून आता आईच्या गुडघ्यांकडे येऊ.

आईला संधिवात आहे. खाली बसणं आणि उठणं हेच तिला सगळ्यात जड जातं. टेस्ट ड्राइव्हला मी मुद्दाम तिला घेऊन गेलो. टिग्वानमध्ये ती सरळ मागे सरकून बसली, जणू डायनिंगच्या खुर्चीत. ऑक्टाव्हियात तिला वाकून खाली उतरावं लागलं, आणि बाहेर येताना दरवाजा धरून दोनदा झोका घ्यावा लागला. इथे एसयूव्ही निर्विवाद जिंकते. सीट कमरेच्या उंचीला असली की गुडघ्यांना काम उरत नाही. (फार उंच एसयूव्ही मात्र पाच फुटी, साडी नेसणाऱ्या बाईला चढायला तितकीच वाईट, तिथे पायरीच लागते.) बेबी सीटमध्ये बाळाला बसवतानाही हेच. वॅगनमध्ये वाकावं लागतं, एसयूव्हीत उभ्याने होतं. ज्यांच्या घरी वयस्कर माणसं रोज गाडीत बसतात, त्यांनी केवळ या एका कारणासाठी एसयूव्ही घेतली तर मी तरी नावं ठेवणार नाही.

मी आईला विचारलं, 'तुला कुठली बरी वाटते?' ती म्हणाली, 'अरे, बसायला ती उंचवाली. पण मी तीन महिने असते. तुम्ही वर्षभर असता.' मग बाबांनी शोरूमच्या माणसाला खुणेनेच विचारलं की पुढची सीट वर होते का. ड्रायव्हरची होते हे सगळ्यांना माहीत असतं, शेजारची सगळ्या मॉडेलांत होत नाही. त्या ऑक्टाव्हियात होत होती. पूर्ण वर घेतल्यावर काही सेंटिमीटरच मिळाले, पण आईचा दुसरा झोका वाचला. आधी टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत फिरवायचे, हेही तिने दोन-तीनदा करून बघितलं. टिग्वानइतकं सोपं झालं नाही. पण जमलं.

बेबी सीट आणि शेजारी दोन माणसं मागच्या सीटवर बसतात का? दाटीवाटीने. आणि हे टिग्वानमध्येही तसंच आहे, कारण दोन्ही गाड्यांची रुंदी जवळपास सारखी. बाहेरून भक्कम दिसणारी एसयूव्ही आत खांद्याला जास्त जागा देईलच असं नाही. पाच जण आणि सगळं सामान असं निघायचं तर छपरावर बॉक्स लागणारच. तिथे परत वॅगन बरी, बॉक्समध्ये सामान टाकायला स्टूल लागत नाही.

शेवटचा काटा मात्र आमच्या इमारतीच्या पार्किंगने हलवला. तळघरात दोन गाड्या एकावर एक ठेवायची यांत्रिक पार्किंग आहे, आणि बोर्डवर लिहिलंय: कमाल उंची १.५० मीटर. ऑक्टाव्हिया कोंबी साधारण १.४७. टिग्वान १.६६. जुन्या जर्मन इमारतींत हे सर्रास दिसतं. ऑक्टाव्हियाची ऑर्डर दिली, जाळीसकट.

आता व्हॉइस नोटवर आलेला प्रश्न: 'दादा, भारतात काय करायचं?' खरं सांगू, तिथे नवी वॅगन जवळपास नाहीच. व्होल्वोची व्ही९० क्रॉस कंट्री आणि मर्सिडीजची ई-क्लास ऑल-टेरेन आपल्याकडे आल्या होत्या, दोन्ही उंच केलेल्या वॅगन, आणि दोन्ही साठ लाख किंवा त्याच्या वर. न येण्याची कारणं फक्त 'ॲम्ब्युलन्स' नाहीत. एक, रस्ते. ऑक्टाव्हियाच्या पोटाखाली १४ सेंटिमीटरच्या आसपास जागा असते. पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन, लांब व्हीलबेसची ही गाडी आपल्या गावच्या स्पीडब्रेकरवरून नेऊन दाखवा. कोकणात गणपतीला निघाल्यावर ग्राउंड क्लिअरन्स ही चैन नसते.

दुसरं कारण कर. आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाडीला सवलत मिळते. सप्टेंबर २०२५ पासून तिला १८ टक्के जीएसटी, आणि त्याहून लांब किंवा मोठ्या इंजिनाच्या पेट्रोल-डिझेल गाडीला ४० टक्के. वॅगनचा जन्मच लांबीतून होतो. चार मीटरच्या आत मागे जागा वाढवता येत नाही, म्हणून कंपन्या वर वाढतात. आणि ४० टक्के भरायचेच तर गिऱ्हाईक म्हणतं, मग दिसायला दणकट तरी घेऊ. अमेरिकेत वेगळ्या नियमाने हेच झालं. १९७५ च्या कायद्यातून आलेल्या ॲव्हरेजच्या नियमांत हलक्या ट्रकना सवलत होती, एसयूव्ही ट्रकमध्ये मोजली गेली आणि वॅगन कारमध्ये. त्यात मिनीव्हॅन आली, आणि वॅगनचा बाजार बसला.

तरी माझा सल्ला असा. तुमच्या गरजेत 'उंची' आणि 'डिकी' असे दोन रकाने करा. रोज खराब रस्ता किंवा गुडघे दुखणारी माणसं असतील तर उंची घ्याच, पण मग चार मीटरच्या आतल्या एसयूव्हीची डिकी आपल्या बॅगा ठेवून तपासा, आणि मागे तिघं बसवून बघा. खरी गरज डिकीची असेल तर आपल्याकडची वॅगन म्हणजे अर्टिगा, गंमत नाही करत. तिसरी रांग पाडली की ५५० लिटर, उंबरठा खाली, बसायची उंचीही आईला चालेल अशी. लोक तिला टॅक्सी म्हणतात. टॅक्सीवाले रोज चार लोकांचं सामान वाहतात, त्यांना डिकी कळत नसेल तर कोणाला कळणार? आणि सेडानच्या डिकीचे लिटर बघून भुलू नका, तिचं तोंड अरुंद असतं. बाबागाडी तिथेच अडते.

तुमच्या गाडीच्या डिकीत प्रत्यक्षात काय काय मावलंय, फ्रीज, आंब्याच्या पेट्या, सासूबाईंची शिलाई मशीन, ते गाडीच्या नावासकट व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या एपिसोडला त्यातल्या निवडक ऐकवू, आणि ग्रुपवर ज्यांनी एसयूव्ही सुचवल्या होत्या त्यातल्या एकाला बोलवून त्याची बाजूही ऐकू. तो तयार झालाय, फक्त म्हणतोय की गणित काढायचं नाही.